नाबुलसी साबण
नाबुलसी साबण : पॅलेस्टाइनमधील नाबलूस शहरात ऑलिव्ह तेलापासून परंपरेने तयार करण्यात येणारा पांढरट, सुगंधी द्रव्ये न घातलेला कठीण साबण. नाबलूस हे एबाल व गेरिझीम या डोंगरांमधील खोऱ्यात वसलेले असून भोवतालच्या खेड्यांत ऑलिव्हची विस्तृत लागवड आहे. मध्ययुगापासून चालत आलेल्या या धंद्याची विशेष भरभराट एकोणिसाव्या शतकात झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी शहरात सु. ३० कारखाने होते.

या साबणासाठी तेल खेड्यांतून येई, तर क्षारयुक्त वनस्पतींची राख बदाऊ टोळ्या जॉर्डन नदीपलीकडून उंटांवरून आणीत. भांडवल शहरातील व्यापारी घराणी पुरवीत. खारवट जमिनीतील या वनस्पतींच्या राखेत सोडियम कार्बोनेट असते. राख व चुना कुटून त्यांवर पाणी सोडले असता दाहक सोड्याची निवळी मिळते. तेलाशी तिची विक्रिया होऊन साबण व ग्लिसरीन बनतात. हिला साबणीकरण म्हणतात. सामान्य लाकडाच्या राखेत पोटॅशियमाचे प्रमाण अधिक असल्याने तिच्यापासून मऊ साबण होतो. म्हणूनच कठीण वडीसाठी दूरवरून आणलेल्या या राखेचे महत्त्व होते. पुढे तिची जागा कारखान्यांत बनणाऱ्या दाहक सोड्याने घेतली.

तळमजल्यावरील मोठ्या काहिलीत तेल व निवळी कित्येक दिवस शिजवीत. पाक तयार झाला की नाही, हे अनुभवी कारागीर त्याच्या वासावरून व चवीवरून ठरवी. तयार पाक वरच्या मजल्यावर नेऊन जमिनीवर पसरतात. तो घट्ट होताच रंगात भिजविलेल्या दोरीने रेघा आखून वड्यांवर कारखान्याची मुद्रा ठोकतात व त्या कापतात. नंतर वड्यांचे आतून पोकळ, निमुळते मनोरे रचतात. वड्यांमधील फटींतून हवा खेळल्याने त्या सावकाश वाळतात. वाळण्यास काही महिने लागतात.

ईजिप्त ही या साबणाची प्रमुख बाजारपेठ होती. १९२७ च्या भूकंपात शहराची मोठी हानी झाली. १९४८ च्या युद्धानंतर याफा बंदराशी असलेला संबंध तुटला, तर १९६७ मध्ये इझ्राएलने हा प्रदेश व्यापला. वाहतुकीवरील निर्बंध आणि स्वस्त यांत्रिक साबणाची स्पर्धा यांमुळे बहुतेक कारखाने बंद पडले. एप्रिल २००२ मधील इझ्राएली लष्करी कारवाईत जुन्या शहरातील काही कारखान्यांच्या इमारती नष्ट झाल्या. हल्ली मोजकेच कारखाने चालू असून काही ठिकाणी आयात तेलही वापरतात.

२०२४ मध्ये युनेस्कोने ही परंपरा मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या प्रातिनिधिक यादीत समाविष्ट केली. त्याच वर्षी सिरियातील अलेप्पो येथील ऑलिव्ह व लॉरेल तेलांच्या साबणाचाही तीत समावेश झाला. नाबलूसमध्ये घरोघरीही थोड्या प्रमाणावर हा साबण करतात. तथापि मुद्रा ठोकणे, वड्या कापणे व मनोरे रचणे ही कामे हाताखाली राहूनच शिकावी लागत असल्याने कारखाना बंद पडला की ती शिकण्याची जागाही नाहीशी होते.