शोधलेल्याचा शोध

बंगळुरूच्या आग्नेय भागातील कोरमंगला हे आज संगणकाच्या व्यवसायाने गजबजलेले ठिकाण आहे. 'फ्लिपकार्ट' 2007 साली येथल्याच एका सदनिकेत सुरू झाली. अशा ठिकाणी एखाद्या तरुणाच्या वाट्याला मराठी मजकूर तपासण्याचे काम आले, म्हणजे त्याला अडवते ती आपली लिपीच. 'दऱ्या' या शब्दातील अर्धा र पाहा. युनिकोडमध्ये तो खाली नुक्ता असलेल्या 'ऱ'ला हलन्त जोडून लिहितात. तसाच साध्या 'र'ला हलन्त आणि पुढे एक अदृश्य सांधणारे चिन्ह जोडूनही लिहितात. डोळ्यांना रूप एकच, यंत्राला मात्र निराळे. एक शोधावे तर दुसरे निसटते. म्हणून दोहोंना कवेत घेणारा नमुना सायासाने रचावा लागतो. त्यातील न दिसणारे चिन्ह चुकले, तर ती चूकही दिसत नाही!

असा नमुना पुनःपुन्हा का रचावा? बिल जॉय यांनी 1976 मध्ये लिहिलेल्या 'व्हीआय' या मजकूर-संपादकाला शेवटचा शोध तेवढा आठवत असे. ब्राम मोलेनार यांनी 1991 मध्ये प्रसिद्ध केलेला त्याचा वारस 'व्हिम' मागील शोधांची वहीच ठेवतो. तिरकी रेघ टंकून वरचा बाण दाबला, की जुने शोध एकेक पुढे येतात. आरंभीची अक्षरे आधी टंकली, तर तशा आरंभाचेच येतात. याहून सोयीची, पण अनेकांना अपरिचित अशी युक्ती म्हणजे 'क्यू' आणि लगेच तिरकी रेघ. पडद्याच्या तळाशी खिडकी उघडते आणि सारे शोध ओळीने दिसतात. 'दऱ्या'ची ओळ गाठावी, पहिले अक्षर बदलावे, एंटर दाबावे. 'पऱ्या' सापडू लागतात. मूळ नोंद शाबूत राहते. वहीत किती नोंदी मावतात, यास मर्यादा असते. ही मर्यादा 10,000 पर्यंत वाढविता येते.

सामान्यतः व्हिम बंद केला तरी ही वही पुसली जात नाही. ती 'व्हिमइन्फो' नावाच्या फाइलीत साध्या मजकुराच्या रूपाने उरते. एखाद्याने ग्राहकाचे नाव किंवा परवलीचा शब्द शोधला असेल, तर तेच खाते वापरणाऱ्या दुसऱ्यास तो वाचता येतो. खिडकीतील ओळ खोडल्याने वहीतील नोंद जात नाही. चालू असलेले सारे व्हिम बंद करून ती फाइलच काढून टाकणे, हा सरळ उपाय. मात्र त्यासोबत 'दऱ्या'चा नमुनाही जाईल. तो आधी वेगळ्या फाइलीत उतरवून ठेवावा.