कर्मशाळा, घरगुती : सेवासुविधा

राहत्या घराची पडवी, परस, गोठ्यालगतचा खण किंवा मोटारखाना येथे सुतारकाम, लोहारकाम, वितळजोडकाम, यंत्रदुरुस्ती इ. कामांसाठी राखून ठेवलेल्या जागेस घरगुती कर्मशाळा म्हणतात. तेथे लागणारा विद्युत् पुरवठा, भूसंपर्कन, प्रकाश, संपीडित हवा, वायुवीजन, पाणी व सांडपाण्याचा निचरा यांचा समावेश सेवासुविधांत होतो. हत्यारे व यंत्रे गरजेप्रमाणे पुढे बदलता येतात. परंतु तारा, नळ व भूसंपर्काचे विद्युत् अग्र एकदा भिंतीत वा जमिनीत गेले की त्यांत फेरफार करणे खर्चाचे होते. म्हणून या सुविधांची आखणी यंत्रखरेदीच्या आधी करणे इष्ट असते.

पूर्वपीठिका : महाराष्ट्रातील बलुतेदारी व्यवस्थेत सुतार व लोहार यांची कामाची जागा बहुधा घरालगतच असे. भट्टी, कातडी भाता, ऐरण आणि पोलादाला पाणी देण्यासाठी डोण एवढ्यावर लोहाराचे काम चाले. उजेड दिवसाचा आणि वारा मोकळ्या छपराचा असे. परदेशातही घरगुती कर्मशाळेस मोठी परंपरा आहे. वाफ एंजिनात मूलगामी सुधारणा करणारे जेम्स वॉट यांची घराच्या माळ्यावरील कर्मशाळा त्यांच्या मृत्यूनंतर (१८१९) दीर्घकाळ तशीच राहिली व १९२४ मध्ये ती लंडनच्या विज्ञान संग्रहालयात हलविण्यात आली. अमेरिकेतील पालो आल्टो येथे ह्यूलेट व पॅकर्ड यांनी १९३९ मध्ये आपल्या इलेक्ट्रॉनीय उपकरणांच्या व्यवसायाची सुरुवात एका मोटारखान्यात केली. विजेचा प्रसार झाल्यावर अशा जागेची उत्पादनक्षमता वाढली. त्याबरोबर भाता-ऐरणीच्या काळात नसलेले धोकेही तेथे आले.

स्थानिक परिस्थिती : सेवासुविधांचा विचार जागेची जमीन, हवामान व कामे यांस धरून करावा लागतो. नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातील तापीकाठचे सारंगखेडा हे गाव या दृष्टीने उदाहरणादाखल घेता येईल. (हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला.) येथील एकमुखी दत्ताचे मंदिर व दत्तजयंतीच्या सुमारास, म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमेस, भरणारी घोड्यांची यात्रा प्रसिद्ध आहे. तापीवर येथे बंधारा आहे. परिसरात कापूस, ऊस, केळी, पपई ही पिके होतात. साहजिकच अशा ठिकाणच्या कर्मशाळेकडे पंपाची चलित्रे, फवारणीयंत्रे, नांगराचे फाळ, ट्रॅक्टरमागील ट्रॉल्या अशी दुरुस्तीची कामे येतात. जमीन प्रामुख्याने काळी असून ती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात तडकते. या गुणधर्माचा भूसंपर्कनावर होणारा परिणाम पुढे दिला आहे.

विद्युत् पुरवठा : भारतात घरगुती एककला पुरवठा २३० व्होल्ट दाबाचा व ५० हर्ट्‌झ कंप्रतेचा असतो. प्रथम एकाच वेळी चालणाऱ्या यंत्रांची यादी करून भार ठरवावा. १ अश्वशक्तीच्या (७४६ वॉट) एककला चलित्राची कार्यक्षमता ७० टक्के व शक्तिगुणक ०·८ धरल्यास ते सुमारे ५·८ अँपिअर प्रवाह घेते. सुरू होताना मात्र काही क्षण हा प्रवाह पाच-सहा पट होतो. विद्युत् प्रज्योत वितळजोडकामात १०० अँपिअर प्रवाह असताना प्रज्योतीचा दाब सुमारे २४ व्होल्ट, म्हणजे शक्ती २·४ किलोवॉट असते. जोडयंत्राची कार्यक्षमता ८० टक्के व शक्तिगुणक ०·७ असल्यास पुरवठ्याकडून सुमारे १९ अँपिअर प्रवाह घेतला जातो. घरातील मोठ्यात मोठी सामान्य खोबण १६ अँपिअरची असते. म्हणून जोडयंत्रासाठी मुख्य फलकापासून स्वतंत्र मंडल काढणे आवश्यक ठरते.

दिवे, हातयंत्रे व जड यंत्रे यांची मंडले वेगवेगळी ठेवावीत. तसे केल्याने एखाद्या यंत्राच्या दोषामुळे खंडक पडला, तरी फिरते पाते समोर असताना कारागीर अंधारात सापडत नाही. तांब्याच्या तारेचे काटछेद क्षेत्रफळ दिव्यांसाठी १·५ चौ. मिमी., १६ अँपिअरच्या खोबणींसाठी किमान २·५ चौ. मिमी. व जोडयंत्रासाठी अंतर पाहून ४ चौ. मिमी. वा अधिक घेतात. परसातील कर्मशाळा मुख्य फलकापासून २५ मी. दूर असल्यास जाऊन-येऊन तारेची लांबी ५० मी. होते. २·५ चौ. मिमी. तारेचा रोध एवढ्या लांबीस सुमारे ०·३७ ओहम भरतो व १५ अँपिअर प्रवाहाला साधारण ५·५ व्होल्ट दाब वाटेतच खर्च होतो. चलित्र सुरू होताना ३० अँपिअर प्रवाह वाहिल्यास ही घट दुप्पट होते. गावातील पुरवठ्याचा दाब आधीच कमी असेल, तर चलित्र गुरगुरत राहते, वेग घेत नाही व त्याची गुंडाळी जळते. चलित्रे वारंवार जळण्यामागे यंत्राऐवजी अरुंद तार हेही कारण असू शकते.

त्रिकला चलित्रे अधिक टिकाऊ असतात. तथापि ग्रामीण भागात शेतीच्या वाहिन्यांवरील त्रिकला पुरवठा दिवसातील ठरावीक तासांतच उपलब्ध होतो. शिवाय शेतीपंपासाठी मंजूर झालेल्या जोडणीवर कर्मशाळा चालविणे हा विद्युत् अधिनियम, २००३ च्या कलम १२६ नुसार अनधिकृत वापर ठरतो. कामाचे स्वरूप व्यावसायिक होणार असल्यास वितरण कंपनीकडे भार व प्रयोजन नोंदवून योग्य वर्गवारीची जोडणी घ्यावी लागते. तारजोडणीचे काम परवानाधारक विद्युत् ठेकेदाराकडून करून घ्यावे.

भूसंपर्कन व गळतीपासून संरक्षण : व्यवहारात ‘अर्थिंग’ या नावाने ओळखली जाणारी ही सुविधा कर्मशाळेत सर्वांत महत्त्वाची असून बहुधा तिच्याकडेच दुर्लक्ष होते. यंत्राच्या आतील तारेचे निरोधन बिघडून ती धातूच्या सांगाड्यास टेकली, तर प्रवाहाला जमिनीकडे सुलभ मार्ग मिळावा व खंडकाने पुरवठा तोडावा, असा तिचा उद्देश आहे. भारतीय मानक ३०४३ मध्ये याविषयीचे नियम दिले आहेत. जस्तलेपित नळीचे विद्युत् अग्र किमान ३८ मिमी. आतील व्यासाचे व २·५ मी. लांबीचे घेऊन इमारतीपासून किमान १·५ मी. अंतरावर उभे पुरतात.

काळी माती ओली असताना उत्तम विद्युत् संवाहक असते. उन्हाळ्यात ती आकसून तडकते, नळीभोवती पोकळी निर्माण होते व संपर्काचा रोध अनेक पटींनी वाढतो. त्याचा परिणाम आकड्यांत पाहता येतो. समजा, कर्मशाळेच्या स्थानिक भूसंपर्काचा रोध चैत्र-वैशाखात २० ओहम व रोहित्राकडील भूसंपर्काचा २ ओहम आहे. सांगाड्यास तार टेकल्यास वाहणारा प्रवाह २३० ÷ २२, म्हणजे सुमारे १०·५ अँपिअर होईल. १६ अँपिअरचा खंडक या प्रवाहाला पडणारच नाही. सांगाडा मात्र जमिनीच्या तुलनेत सुमारे २०९ व्होल्ट दाबावर राहील आणि यंत्र नेहमीप्रमाणे चालू दिसेल. ओल्या जमिनीवर अनवाणी उभा असलेला कारागीर अशा यंत्रास स्पर्श करील, तर तो प्राणघातक ठरू शकतो. पावसाळ्यात केलेल्या चाचणीत समाधानकारक ठरलेले भूसंपर्कन उन्हाळ्यात निरुपयोगी असू शकते, ते यामुळेच.

यावर दोन उपाय योजतात. पहिला, अग्राभोवती ओल टिकविणे : खड्ड्यात बेंटोनाइट मातीचे भरण घालतात, वरून पाणी ओतण्याची सोय ठेवतात आणि गरजेप्रमाणे दुसरे अग्र पहिल्यापासून त्याच्या लांबीच्या दुप्पट अंतरावर पुरून दोन्ही जोडतात. कोळसा व मीठ यांचे पारंपरिक भरणही उपयोगी पडते. मात्र मिठाने जस्तलेप व लोखंड लवकर गंजते. दुसरा व अधिक निर्णायक उपाय म्हणजे बाजारात आरसीसीबी या नावाने मिळणारा गळती-प्रवाह खंडक बसविणे. जाणाऱ्या व परतणाऱ्या प्रवाहांतील फरकावर तो कार्य करतो. म्हणून ३० मिलिअँपिअर क्षमतेचा खंडक वरील उदाहरणातील १०·५ अँपिअर गळतीस तत्काळ पडतो. त्यावरील चाचणीची कळ दरमहा दाबून पाहावी. कला-तार व उदासीन तार या दोहोंस एकाच वेळी स्पर्श झाल्यास मात्र हा खंडक संरक्षण देत नाही आणि तो भूसंपर्कनाचा पर्यायही नव्हे. दोन्ही असणे आवश्यक आहे. उदासीन तारेलाच सांगाडा जोडून ‘अर्थिंग’ केल्याचे समजणे अत्यंत घातक असते. कारण ती तार वाटेत तुटल्यास यंत्राचा सांगाडाच विद्युत्‌भारित होतो.

प्रकाश : साध्या जोडकामास सुमारे ३०० लक्स व बारीक मोजमापाच्या कामास ७५० लक्सपर्यंत प्रकाश पुरेसा होतो. कामाच्या मेजावर स्वतंत्र दिवा असावा व स्वतःची सावली कामावर पडू नये अशी त्याची जागा निवडावी. ५० हर्ट्‌झ पुरवठ्यावर साध्या चोकच्या नळीदिव्याचा व काही स्वस्त एलईडी दिव्यांचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. त्यामुळे फिरत्या भागांविषयी दृष्टिभ्रम होतो. मिनिटाला १,५०० फेरे घेणारी लेथची चार जबड्यांची पकड दोन चमकांमधील अवधीत बरोबर पाव फेरा फिरते व स्थिर असल्यासारखी दिसते. वेग १,४४० फेरे असल्यास तीच पकड सेकंदाला एक फेरा या संथ गतीने उलट फिरताना भासते. फिरत्या यंत्राजवळ लुकलुक नसलेला दिवा वापरावा किंवा शेजारचे दिवे वेगवेगळ्या कलांवर जोडावेत.

संपीडित हवा : रंगफवारणी, धूळ झटकणे, चाकात हवा भरणे व वायुचलित हत्यारे यांसाठी बहुधा ६ ते ८ बार दाबाची हवा लागते. टाकीवर सुरक्षा झडप व दाबमापक असणे आवश्यक असते. हवेबरोबर तिच्यातील बाष्पही संपीडित होते. ३०° से. तापमानाच्या संपृक्त हवेत दर घ. मी. मध्ये सुमारे ३० ग्रॅ. बाष्प असते. पावसाळ्यात ८० टक्के आर्द्रतेची ८ घ. मी. हवा दाबून १ घ. मी. केली व ती पुन्हा ३०° से. पर्यंत थंड झाली, तर सुमारे १६० ग्रॅ. पाणी वेगळे होते. ते टाकीच्या तळाशी साचून पत्रा आतून गंजवते; म्हणून दिवसाचे काम संपल्यावर तळची तोटी उघडून टाकी रिकामी करावी. हवेच्या नळाला वाहत्या दिशेने दर १०० सेंमी. स १ सेंमी. उतार देऊन शाखा वरच्या बाजूने काढतात, म्हणजे पाणी हत्यारापर्यंत पोहोचत नाही. पाण्याचे पीव्हीसी नळ या कामी वापरू नयेत. ते ठिसूळ होऊन फुटतात व त्यांचे तुकडे गोळ्यांसारखे उडतात.

वायू व वायुवीजन : भारतात ऑक्सिजनचा नळकांडे काळ्या व ॲसिटिलिनचे तांबूस-करड्या छटेच्या, ‘मरून’ रंगाने ओळखले जाते. ॲसिटिलिन १ बारपेक्षा अधिक दाबाने वापरत नाहीत. त्यासाठी शुद्ध तांब्याची नळी घेत नाहीत, कारण तेथे स्फोटक संयुग तयार होते. ऑक्सिजनच्या झडपेस तेल वा ग्रीज लावू नये. नळकांडी उभी, साखळीने बांधून व उन्हापासून दूर ठेवावीत.

जस्तलेपित पत्रा जोडताना निघणाऱ्या धुराने काही तासांनी थंडी-ताप येतो. लाकडाच्या धुळीस आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये कर्ककारक ठरविले आहे. धूर व धूळ जेथे निर्माण होतात तेथूनच पंख्याने ओढून घेणे, हे खोलीभर हवा खेळविण्यापेक्षा परिणामकारक असते. बंद मोटारखान्यात एंजिन चालू ठेवणे प्राणघातक होय, कारण त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडास वास नसतो.

पाणी व निचरा : हात धुण्यासाठी, धारयंत्रापाशी थंड करण्यासाठी व पोलादाला पाणी देण्यासाठी एक तोटी पुरेशी असते. ती विद्युत् फलकापासून दूर असावी आणि जमिनीचा उतार दाराकडे असावा. वापरलेले एंजिन तेल गटारात सोडल्यास ते अखेर नदीत जाते. ते डब्यात साठवून अधिकृत पुनःप्रक्रियाकर्त्याकडे द्यावे. काळ्या जमिनीवर जड यंत्राचा चौथरा बांधताना फुगणारा थर काढून मुरमाचे भरण करतात, अन्यथा पावसाळ्यात यंत्राची समपातळी बिघडते.

आखणीचा क्रम : प्रथम भूसंपर्कन व निचरा, त्यानंतर जमीन व चौथरे, मग फलक व तारा, पुढे दिवे व वायुवीजन आणि शेवटी हवेचे नळ असा क्रम सोयीचा ठरतो. दाराजवळ, हात सहज पोहोचेल अशा जागी, सर्व यंत्रांचा पुरवठा एकदम तोडणारी कळ, कोरड्या चूर्णाचे अग्निशामक व वाळूची बादली ठेवावी. भूसंपर्काच्या रोधाचे मापन वर्षातून किमान एकदा आणि तेही उन्हाळ्याच्या अखेरीस, जमीन सर्वांत कोरडी असताना करावे. त्या वेळी योग्य ठरलेले भूसंपर्कन सामान्यतः उरलेले वर्षभर विश्वासार्ह राहते.