फिर्यादी घरधनी

१७९० साली लंडनच्या ऑल्डर्सगेट स्ट्रीटवर फ्रान्सिस गिल्डिंग या गृहस्थाच्या घराला आग लागली. खरं तर लावली गेली. आग लागली की शेजारीपाजारी धावत येतात, सामान भराभर रस्त्यावर काढलं जातं; त्या धांदलीत लूट करायची, असा बेत होता. टोळीतलाच एक जण माफीचा साक्षीदार झाला. एडवर्ड लो आणि विल्यम जॉबिन्स दोषी ठरले. त्या काळी लंडनमध्ये फाशी न्यूगेट तुरुंगासमोर होत असे, पण या दोघांना मुद्दाम ऑल्डर्सगेट स्ट्रीटवर, जळक्या जागेजवळ आणून लटकवलं.

आग आणि चोरी हे दोन्ही आरोप एकत्र आले की जॉर्जियन इंग्लंडचं न्यायालय कसं वागत असे, या प्रश्नानं मला वर्षानुवर्षं धरून ठेवलं आहे. थोडी पार्श्वभूमी: १७१४ ते १८३० या काळात चार जॉर्ज राजे लागोपाठ गादीवर बसले. लंडनला पोलीस दल मिळालं ते १८२९ मध्ये. तोवर रात्रीचे पहारेकरी, कॉन्स्टेबल आणि बो स्ट्रीटच्या न्यायदंडाधिकारी फील्डिंग बंधूंची माणसं, एवढ्यावरच सगळं चालायचं.

म्हणजे तपास करायचा कुणी? ज्याचं गेलं त्यानं. घरधनीच मोलकरणीची पेटी उघडायचा, गहाणवटीच्या दुकानांत चमचे शोधत फिरायचा, संशयिताला न्यायाधीशापुढे उभं करायचा. खटला बहुधा त्याच्याच नावानं आणि त्याच्याच खिशातून चालायचा. ओल्ड बेली या लंडनच्या फौजदारी न्यायालयातल्या खटल्यांचे १६७४ पासूनचे छापील वृत्तान्त आज इंटरनेटवर फुकट वाचता येतात. त्यांतली घरधन्यांची जबानी वाचावी: किती वाजता झोपलो, दाराला कडी कुणी घातली, कपाटाची किल्ली कुणाकडे होती. अठराव्या शतकातलं घर आतून इतकं स्पष्ट मला दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही.

माझा सगळ्यात आवडता भाग चोरीच्या मालाच्या किमतीचा. १७१३ च्या कायद्यानुसार राहत्या घरातून चाळीस शिलिंगांचा ऐवज चोरला की फाशी. चाळीस शिलिंग म्हणजे दोन पौंड, मोलकरणीचा काही महिन्यांचा पगार. आता ज्युरीतले लोक काय करत? तेही घरंदाज, नोकरचाकर बाळगणारे. पण चांदीच्या चमच्यांपायी पोरीचा जीव घ्यायला त्यांचं मन धजत नसे. मग ते मालाची किंमत एकोणचाळीस शिलिंग ठरवत. कधीकधी तर रोख रकमेचीसुद्धा! न्यायशास्त्री ब्लॅकस्टोननं अशा निवाड्यांना पुण्याचं खोटं म्हटलं. मला तर त्या काळातलं हे सर्वांत शहाणपणाचं खोटं वाटतं. फाशीऐवजी समुद्रापार पाठवणी होई, आधी अमेरिकेला, १७८७ पासून ऑस्ट्रेलियाला.

आगीच्या आरोपात ही पळवाट नव्हती. घर जळालं की नाही आणि कुणी मुद्दाम जाळलं, एवढाच प्रश्न. किंमत कमी दाखवून कुणाचा जीव वाचवता येत नसे. म्हणून 'चोरी लपवायला हिनं आग लावली' हे घरधन्याचं एक वाक्य चोरीच्या आरोपापेक्षा कितीतरी घातक होतं. आणि नुसता निष्काळजीपणा? मेणबत्ती विझवायची राहून नोकराच्या हातून घर पेटलं, तर १७०७ च्या कायद्यानं शंभर पौंड दंड, नाहीतर अठरा महिने सक्तमजुरी. वर्षाला पाच-दहा पौंड मिळवणारी बाई शंभर पौंड कुठून आणणार?

फिर्यादी धनी नेहमी सच्चाच असे, असंही नाही. १७१० मध्ये सन फायर ऑफिस ही विमा कंपनी निघाली. तिची शिशाची खूणपट्टी लंडनमध्ये मी अगदी जवळून पाहिली आहे: किरणांनी वेढलेला सूर्याचा चेहरा आणि खाली ठोकलेला पॉलिसीचा नंबर. विमा आला तसा स्वतःचंच घर पेटवून पैसे उकळण्याचा मोहही आला. जुन्या कायद्यात आगलावेपणा म्हणजे दुसऱ्याचं घर जाळणं. स्वतःचं जाळणारा त्यात सापडत नसे. फसवणुकीसाठी स्वतःचं घर पेटवणाऱ्यालाही फाशीची शिक्षा लागू झाली ती १८०३ मध्ये, लॉर्ड एलनबरोच्या कायद्यानं.

या सगळ्यात पिंजऱ्यातल्या नोकराला मात्र जवळजवळ एकट्यानंच लढावं लागे. वकील परवडलाच, तर तो साक्षीदारांची उलटतपासणी घेऊ शकत असे, ज्युरीला उद्देशून भाषण करू शकत नसे. ती मुभा १८३६ मध्ये मिळाली. आरोपीला स्वतः शपथेवर साक्ष देण्याचा सरसकट हक्क मिळायला १८९८ साल उजाडलं.