फुली वरच राहू द्या!

श्रोतेहो, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपल्याकडचे साप घरात पाळायला मनाई आहे. तेव्हा सापाची अंडी सांभाळायची वेळ खरं तर कुणावर येऊच नये. आम्हा सर्पमित्रांवर मात्र ती उन्हाळ्यात येते. संध्याकाळी कुणाच्या माळ्यावरून पकडलेली धामण रात्रभर बरणीत राहते आणि सकाळी पाहावं तर तळाशी दहा-बारा अंडी! कधी पाया खणताना बीळ फुटतं आणि अंडी उघडी पडतात. वनखात्याला कळवून, त्यांच्या परवानगीनं ती उबवावी लागतात.

'उबवणं' हा शब्द आपण कोंबडीवरून घेतला आणि घोटाळा तिथंच होतो. कोंबडी आपली अंडी सारखी फिरवते. तिच्या अंड्यात बलक दोन पिळदार दोऱ्यांनी मधोमध टांगलेला असतो, त्यामुळे अंडं फिरलं तरी बिघडत नाही. सापाच्या अंड्यात हे दोरे नसतात. अंडं घातल्यावर थोड्याच वेळात गर्भ वरच्या बाजूनं कवचाला आतून धरून बसतो. त्यानंतर अंडं उलटं झालं, तर तो बलकाखाली दबून मरू शकतो, आणि बाहेरून कुणाला पत्ताही लागत नाही. म्हणून अंड्याला हात लावण्याआधी मी प्रत्येकाच्या माथ्यावर शिसपेन्सिलीनं हलकी फुली मारतो. डब्यात ठेवताना, गाडीतून नेताना, फुली वरच. एकमेकांना चिकटलेली अंडी सुटी करायची नाहीत, कवच फाटतं.

हे कवच चिवट, चामड्यासारखं असतं. ते भोवतालची ओल शोषतं आणि अंडं हळूहळू फुगतं. ओल कमी पडली की त्याला खळगे पडतात. जास्त झाली की बुरशी. रोपवाटिकेत मिळणारं कोकोपीट भिजवून पिळावं; मुठीत गोळा व्हावा, पण पाणी ठिबकू नये. त्यात अंडी अर्धी रुतवून ठेवायची. झाकणाला जमलेले थेंब अंड्यांवर पडू द्यायचे नाहीत. तापमान २८ ते ३० अंशांच्या आसपास असलं की पुरे. लोक हौसेनं वर बल्ब टांगतात. मे महिन्यात आणखी कसली ऊब द्यायची? अजगराची मादी वेटोळं घालून, स्नायू थरथरवून अंड्यांना ऊब देते, पण धामणीची अंडी मातीच्या उबेवरच वाढतात. तेव्हा आपण आई व्हायचं नाही, माती व्हायचं. (घोणस आणि फुरसं थेट पिल्लंच देतात, तो प्रश्नच वेगळा.)

आठवड्याभरानं अंधारात अंड्याला टॉर्च लावला की जिवंत अंड्यात लाल शिरांचं जाळं दिसतं.

साधारण दोन महिन्यांनी अंडी पुन्हा खपाटीला जातात. आता घाबरायचं नाही. पिल्लू नाकाडावरच्या इवल्या दातानं कवच चिरतं, डोकं बाहेर काढतं आणि कधी कधी दिवसभर तसंच बसून राहतं. उरलेला बलक ते पोटात ओढून घेत असतं. त्याला बाहेर ओढणं म्हणजे जीव घेणं. नागाचं पिल्लू असेल तर त्याचं विष पहिल्या क्षणापासून तयार असतं, हेही विसरू नये. पहिली कात टाकेपर्यंत त्या बलकावर निभतं. खायला घालण्याच्या भरीस न पडता वनखातं सांगेल तिथं, शक्यतो आईच्याच मुलखात, त्यांना सोडून द्यायचं. तोवर पाऊस सुरू झालेला असतो आणि बांधाबांधावर बेडकांची पिल्लं उड्या मारत असतात.