अबोल नायक, बोलका नायक: रोल-प्लेइंग गेममधला ‘मी’ कुणाचा?

(नवी मुंबईत झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

आजचा विषय ऐकायला छोटा वाटेल. रोल-प्लेइंग गेममध्ये, म्हणजे आरपीजीमध्ये, जे पात्र आपण खेळतो त्याला आवाज असावा की नसावा? खेळणाऱ्यांत यावर वर्षानुवर्षं वाद चालू आहे. एक गट म्हणतो, सगळे बोलतात आणि नायक तेवढा खांबासारखा उभा, हे विचित्र दिसतं. दुसरा गट म्हणतो, तो बोलायला लागला की तो आमचा राहत नाही. आज आपण दोन्ही बाजू समजून घेऊ. मग मराठीत असा गेम करायचा झाला तर काय होईल, तेही पाहू. आमचं म्हणणं असं की मराठीत हा प्रश्न रेकॉर्डिंगच्या खोलीत नाही, त्याच्या आधी व्याकरणातच उभा राहतो.

अबोल म्हणजे मुका नव्हे

आधी एक गैरसमज दूर करू. अबोल नायक काहीच बोलत नाही असं नसतं. पडद्यावर तीन-चार वाक्यं येतात, आपण त्यातलं एक निवडतो, आणि समोरचं पात्र उत्तर देतं. म्हणजे नायक बोलला. फक्त ते वाक्य कानावर पडलं नाही, आपण ते मनात म्हटलं. काही गेममध्ये तर वाक्यही नसतं, नुसतं ‘हो’ किंवा ‘नाही’.

१९८६ साली जपानमध्ये ‘ड्रॅगन क्वेस्ट’ आला. त्यातला नायक अबोल होता, पण तेव्हा गेममध्ये कुणालाच आवाज नव्हता. सगळंच वाचायचं. त्यामुळे नायकाचं गप्प राहणं खटकायचं कारण नव्हतं. पुढे डिस्कवर जागा वाढली, इतर पात्रं बोलू लागली, आणि मग नायकाला गप्प ठेवणं हा निर्णय झाला. २००१ च्या ‘फायनल फँटसी टेन’मध्ये त्या मालिकेत पहिल्यांदा पात्रांना आवाज मिळाला. तिथे नायक टिडस बोलतो, पण त्याचं नाव खेळणाऱ्याला बदलता येतं. आता रेकॉर्ड केलेल्या आवाजात कुठलं नाव घेणार? म्हणून अख्ख्या गेममध्ये कुणीही त्याला नावाने हाक मारत नाही! आवाज आला की असे कोपरे निघतात.

सांगलीचा सूत्रधार

हा वाद आपल्याला नवा नाही. वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात तुमच्यापैकी अनेकांनी नाटकं पाहिली असतील. ज्यांचं नाव त्या वास्तूला दिलंय, त्या भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केलं. त्यांच्या नाटकात पदं म्हणायची ती सूत्रधाराने. राम असो, रावण असो, कथा गाऊन पुढे न्यायचं काम सूत्रधाराचं. पात्रं अभिनय करत, आणि त्यांची गद्य भाषणं लिहिलेली नसत. प्रसंग ठरलेला, शब्द ज्याचे त्याने आयत्या वेळी जुळवायचे.

मग १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ आलं. तिथे पात्रं आपली पदं स्वतः गाऊ लागली. प्रेक्षकांना ते इतकं आवडलं की पुढची संगीत रंगभूमी त्याच वाटेने गेली. पण त्या वाटेवर एक गोष्ट मागे राहिली. भाव्यांच्या नटाला शब्द जुळवायची मोकळीक होती. पुढच्या नटाला संहिता मिळाली.

आता २०२३ चा ‘बाल्डर्स गेट थ्री’ घ्या. त्यात तुम्ही स्वतःचं पात्र बनवलंत तर संवादात त्याचा आवाज ऐकू येत नाही. लढताना, फिरताना छोटे उद्गार तेवढे येतात. बाकी सगळी पात्रं बोलतात, आणि वर एक निवेदिका आहे, जी तुमच्या मनात काय चाललंय ते तुम्हालाच उद्देशून सांगते. हा सूत्रधारच झाला की! नायक गप्प असला तरी गेम मुका वाटत नाही, कारण ती जागा निवेदिकेने भरली आहे.

आवाजाने काय मिळतं

बोलक्या नायकाचा फायदा नाकारण्यात अर्थ नाही. ‘द विचर थ्री’मधला गेराल्ट हा आधीच कुणीतरी आहे. त्याला वय आहे, भूतकाळ आहे, तिरकस बोलायची सवय आहे. तिथे आपण गेराल्ट ‘होत’ नाही, आपण त्याच्यासोबत चालतो आणि वळणावर त्याला दिशा देतो. अशा कथेत नायक गप्प असता तर कथाच उभी राहिली नसती.

‘मास इफेक्ट’ने २००७ साली मधला रस्ता काढला. नायक शेपर्ड पुरुष किंवा स्त्री, हवं ते निवडा; दोघांसाठी दोन वेगळे कलाकार, मार्क मीर आणि जेनिफर हेल. पहिलं नाव तुमचं, पण सगळे हाक मारतात आडनावाने. आपल्याकडे ऑफिसात कसं ‘अहो पाटील’ म्हटलं की बाई असो वा बाप्या, काम भागतं. तसंच ते.

आणि काय जातं

आता किंमत बघू. ‘फॉलआउट थ्री’मधला नायक अबोल होता. २०१५ च्या ‘फॉलआउट फोर’मध्ये बेथेस्डाने त्याला आवाज दिला. स्त्री आणि पुरुष, दोन कलाकार, प्रत्येकी १३,००० पेक्षा जास्त ओळी. म्हणजे नुसत्या नायकाच्याच २६,००० च्या वर. एवढं रेकॉर्ड करायचं म्हटल्यावर पर्याय वाढवणं महाग पडतं. लिहिलेली ओळ शेवटच्या आठवड्यातही बदलता येते. रेकॉर्ड केलेल्या ओळीसाठी कलाकाराला परत बोलवावं लागतं.

त्या गेममध्ये प्रत्येक संवादाला चारच पर्याय आले, तेही एक-दोन शब्दांत. तुम्ही ‘उपहास’ निवडायचं आणि नायक काय बोलेल ते नंतर ऐकायचं. म्हणायचं होतं एक, आणि तो बोलला भलतंच, असं व्हायला लागलं. खेळणाऱ्यांनी मग पूर्ण वाक्य आधी दाखवणारा मॉड बनवला आणि तो खूप चालला. २०२३ मध्ये त्याच कंपनीचा ‘स्टारफील्ड’ आला तेव्हा नायक पुन्हा अबोल झाला होता.

म्हणजे मुद्दा चांगल्या-वाईट आवाजाचा नाही. वाक्य कोण पूर्ण करतं, हा मुद्दा आहे. अबोल नायकाचा सूर आपण लावतो. ‘ठीक आहे’ हे दोन शब्द रागाने म्हणायचे, घाबरून म्हणायचे की हसत, ते आपल्या हातात असतं. आवाज आला की तो निर्णय कलाकाराने आधीच घेतलेला असतो.

मराठीतला ‘मी’

इथपर्यंतची सगळी चर्चा इंग्रजी गृहीत धरून होते. इंग्रजीतल्या ‘मी’ला लिंग नाही. मी थकलोय आणि मी थकलेय, दोन्हीला तिथे एकच वाक्य. म्हणून तिथे अबोल नायकाची कोरी पाटी सहज कोरी राहते.

समजा आपण बेलापूरच्या किल्ल्यावर एक गेम बेतला. दारावर पहारेकरी विचारतो, “कोण तू? कुठून आलास?” झालं, फसलो! ‘आलास’ म्हटलं की खेळणारा मुलगा ठरला. उत्तराचा पर्याय लिहिला, “मी पनवेलहून आलो.” पुन्हा तेच. आवाज द्यायच्या आधीच नायकाला आवाज मिळाला, तोही पुरुषाचा. नेरूळची एखादी मुलगी तो गेम खेळत असेल तर पहिल्याच वाक्यात तिला कळतं की हा ‘मी’ तिच्यासाठी लिहिलेला नाही. आणि ज्यांना दोन्हींपैकी एकही साचा नको असेल, त्यांना तर जागाच उरत नाही. कोल्हापूरकडे मुली सर्रास ‘मी आलो, मी गेलो’ म्हणतात हे खरं, पण तिच्या लेखकाने तसं लिहिलं तर कोल्हापूरबाहेर ते वेगळंच वाचलं जाईल.

वाट आहे, आणि ती मराठीतच आहे. सकर्मक भूतकाळ बघा: ‘मी दार उघडलं’, ‘मी पत्र वाचलं’. बोलणारं कोण, कळत नाही. भविष्यकाळ बघा: ‘मी येईन’, ‘मी सांगेन’. ‘मला जायचंय’, ‘मला माहीत नाही’, ‘माझ्याकडे किल्ली आहे’, हेही चालतं. पहारेकऱ्याने “तुम्ही कुठून आलात?” म्हटलं तर त्याचाही प्रश्न सुटतो. पण आई मुलाला ‘तुम्ही कधी आलात’ म्हणणार नाही. म्हटलं तर ती रागावलीय असं वाटेल! तिथे ‘आलास’ आणि ‘आलीस’ दोन्ही लिहावं लागेल, आणि आईला आवाज असेल तर ते दोनदा रेकॉर्डही करावं लागेल. म्हणजे नायकाला अबोल ठेवलं तरी मराठीत सगळा खर्च वाचत नाही.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ २०२० मध्ये आला. तो आरपीजी नाही, अॅक्शन-अॅडव्हेंचर आहे, पण इथे उपयोगी उदाहरण आहे. राजी ही ठरलेली मुलगी आहे, भावाला शोधायला निघालेली. तिची कथा दुर्गा आणि विष्णू सांगतात, पुन्हा सूत्रधार. पुढच्या सुधारित आवृत्तीत हिंदी आवाजही आले. राजी कोण, हे आधीच नक्की असल्याने तिच्या ‘मी’ची हिंदीत किंवा मराठीत अडचण होत नाही.

मग ठरवायचं कसं?

नायक आधीच कुणीतरी असेल, तर त्याला आवाज द्या आणि बिनधास्त ‘आलो’ किंवा ‘आले’ लिहा. नायक खेळणाऱ्याने घडवायचा असेल, तर त्याला अबोल ठेवा, पण मग मराठी वाक्यं तितक्याच काळजीने लिहा. इंग्रजीतून ओळी आणून शेवटी भाषांतर करून घेऊ, असं म्हणून चालणार नाही. तोवर ‘मी’ कुणाचा, हे नकळत ठरून गेलेलं असतं.

तुमच्यापैकी जे गेम लिहितात किंवा लिहू पाहतात, त्यांनी एक करून बघा. कुठल्याही आवडत्या गेममधले वीस पर्याय मराठीत उतरवा, एकाही वाक्यातून बोलणाऱ्याचं लिंग कळू न देता. पाच-सहा वाक्यांनंतर हात अडखळेल. कुठे अडखळतो ते लिहून ठेवा आणि प्रश्नोत्तरांच्या वेळी घेऊन या.