वेटसूट घ्यावा की न घ्यावा?



पावसाळा सरत आला होता, तेव्हाची गोष्ट. माझा एक जुना विद्यार्थी संध्याकाळी घरी आला. तापीकाठच्या खेड्यातला मुलगा. पोहायला शिकला तो शेतातल्या विहिरीत, पाठीला वाळका भोपळा बांधून. आता शिरपुरात नोकरी करतो, पहाटे सायकल चालवतो, धावतो. आणि गोव्याच्या शर्यतीत त्याने नाव घातले होते. मोबाइलवरचे एक चित्र त्याने माझ्यापुढे धरले. गळ्यापासून घोट्यापर्यंत काळाभोर रबरी पोशाख घातलेली माणसे पाण्यात उड्या घेत होती. "गुरुजी, हाऊ कपडा लेऊ का नको?" त्याने विचारले. किंमत पुष्कळ हजारांची. कापसाच्या पहिल्या वेचणीचे पैसे वडील त्यासाठी द्यायला तयार होते.

पैसे कापसाचे म्हटल्यावर "घे बाबा" किंवा "नको घेऊस" असे एका शब्दात सांगून मोकळे होता येईना. म्हणून आम्ही दोघांनी बसून हा विषय मुळापासून समजून घेतला. तोच आज तुम्हांला सांगतो. कारण असा प्रश्न घेऊन येणारा मुलगा किंवा मुलगी उद्या तुमच्याही दारात उभी राहील.

आधी शर्यतीविषयी. ट्रायथलॉन म्हणजे पोहणे, सायकल आणि धावणे, तिन्ही एकामागून एक, मध्ये विश्रांती नाही. २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकपासून हा खेळ तिथेही खेळला जातो. त्यात दीड किलोमीटर पोहायचे, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणे असते. गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर २०१९ साली जी शर्यत सुरू झाली, ती याहून लांब आहे: १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे. पोहणे तलावाच्या बांधीव हौदात नसते. ते समुद्रात, नदीत किंवा सरोवरात असते. थंड मुलखातल्या पाण्यात पोहणाऱ्यासाठी जो पोशाख निघाला, त्याचे नाव वेटसूट.

वेट म्हणजे ओला. नावातच सारे आले. पुष्कळांना वाटते, हा रेनकोटासारखा पाणी बाहेर ठेवणारा पोशाख असावा. तसे नाही, बरे का! यात पाणी शिरते आणि अंग ओले होते. कॅलिफोर्निया विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी १९५०च्या सुमारास हेच ओळखले की, पोहणाऱ्याला कोरडे ठेवण्याची गरज नाही, त्याच्या अंगाची ऊब राखली म्हणजे झाले.

ऊब जाते कशी? पाणी हे हवेच्या सुमारे २५ पट वेगाने अंगातली उष्णता ओढून घेते. म्हणून २० अंश सेल्सिअसच्या हवेत आपण सदऱ्यावर हिंडतो, आणि तेवढ्याच पाण्यात थोड्या वेळाने दातावर दात आपटू लागतात. आता आपली कापसाची गोधडी आठवा. कापूस स्वतः काही गरम नसतो. त्याच्या तंतूंत अडकलेली हवा ऊब बाहेर जाऊ देत नाही. वेटसूटचे रबर, त्याला निओप्रीन म्हणतात, असेच असते. त्यात बारीक बारीक बंद बुडबुडे असतात आणि त्यांत वायू कोंडलेला असतो. कातडी आणि रबर यांच्यामधे पाण्याचा पातळ थर राहतो, तो अंगाच्या उबेने तापतो, आणि बुडबुड्यांची ती गोधडी त्याला निवू देत नाही.

या बुडबुड्यांचा दुसरा गुण असा की ते तरंगतात. वेटसूट घातलेल्या माणसाचे पाय आणि कंबर पाण्यात वर राहतात, पाण्याचा अडथळा कमी होतो, आणि तो थोडा वेगाने जातो. आमच्या भोपळ्याचाच हा शहरी भाऊ म्हणा! पण इथे एक सावधगिरीचा शब्द. वेटसूट म्हणजे लाइफ जॅकेट नव्हे. भोवळ आलेल्या माणसाचे तोंड तो पाण्याबाहेर धरून ठेवीत नाही. ज्याला पोहता येत नाही, त्याला हा पोशाख वाचवणार नाही.

वेगाचा फायदा मिळतो, म्हणून शर्यतीत त्याला नियम आला. पाणी किती अंश आहे यावर सारे ठरते. जागतिक ट्रायथलॉन संघटनेच्या नियमांप्रमाणे दीड किलोमीटरपर्यंतच्या पोहण्यात हौशी स्पर्धकांना पाणी २२ अंशांच्या वर गेले की वेटसूटची मनाई आहे. गोव्याची शर्यत ज्या आयर्नमन मालिकेत मोडते, तिच्यात २४.५ अंशांपर्यंत तो चालतो. त्याहून गरम पाण्यात २८.८ अंशांपर्यंत घालता येतो, पण मग बक्षिसावर हक्क राहत नाही. आणि त्याच्याही वर गेले तर मुळीच नाही. आपले गोव्याचे पाणी शर्यतीच्या दिवसांत, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात, चांगले कोमट असते. तिथे तो रबरी पोशाख पिशवीतच राहायचा! माझ्या विद्यार्थ्याचे अर्धे उत्तर इथेच निघाले.

उरलेले अर्धे उत्तर पैशाचे नाही, जिवाचे आहे. वेटसूट फुकट मिळाला तरी कोमट पाण्यात घालू नये. पोहताना अंग तापते. जमिनीवर घाम वाळतो आणि अंग निवते. पाण्यात घाम वाळायला जागा नाही. पाणीच ती उष्णता वाहून नेते. पाणी कोमट असेल तर हे काम मंदावते, आणि वरून रबराची गोधडी घातली तर थांबतेच म्हणा ना. २०१० साली संयुक्त अरब अमिरातीत फुजैरा येथे समुद्रातली १० किलोमीटरची शर्यत होती. पाणी फार गरम होते. फ्रॅन क्रिपेन हा अमेरिकेचा कसलेला जलतरणपटू त्या शर्यतीत मरण पावला. अंगावर वेटसूट नव्हता, तरीही! आणखी वाईट गोष्ट अशी की, तो नाहीसा झाला हे वेळेवर कोणाच्या ध्यानातच आले नाही. पुढे अशा शर्यतींसाठी पाण्याची वरची मर्यादा ३१ अंश ठरवण्यात आली.

उलट बाजूही ऐकण्यासारखी आहे. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधली इंग्लिश खाडी १९५८ साली मिहिर सेन यांनी आणि १९५९ साली आरती साहा यांनी पोहून ओलांडली. पुण्याच्या रोहन मोरे यांनी जगातल्या सात अवघड खाड्या आणि सामुद्रधुन्या पोहून २०१८ साली तो क्रम पुरा केला. त्यांतल्या काही ठिकाणचे पाणी चांगलेच गारठवणारे. तरी या पोहण्यांत वेटसूट चालत नाही. साधा पोहण्याचा पोशाख, टोपी आणि चष्मा, एवढ्यावरच पोहावे लागते. अंगाला गार पाण्याची सवय महिनोन्‌महिने लावूनच ते साधते. तेव्हा पोशाखाने पोहणारा घडतो, असे कोणी समजू नये.

मग वेटसूट घ्यायचा केव्हा? आपल्यातला कोणी युरोपातल्या सरोवरात शर्यतीला निघाला आणि तिथले पाणी १६ ते २० अंश असेल, तर तो चैनीचा नव्हे, गरजेचा होतो. तेव्हा निवड कशी करावी, ते सांगतो.

पहिली गोष्ट, पोहण्याचाच वेटसूट घ्या. खोल पाण्यात बुडी मारणाऱ्यांचा आणि लाटांवर फळी चालवणाऱ्यांचा पोशाख वेगळा असतो. तो कदाचित स्वस्त मिळेल, पण खांद्यात ताठ असतो; हात फिरवून फिरवून माणूस दमून जातो. पोहण्याच्या वेटसूटचे रबर बाहेरून गुळगुळीत असते. छातीशी आणि मांड्यांशी ते जाड असते, खांद्याशी पातळ. शर्यतीत ५ मिलिमीटरपेक्षा जाड रबर चालत नाही.

दुसरी गोष्ट मापाची, आणि हीच सर्वांत मोठी. उंची, वजन आणि छाती मोजून माप निवडा. स्त्रियांसाठी वेगळा बेत असतो, तोच घ्या. वेटसूट सैल असेल तर आतले तापलेले पाणी निघून जाते आणि दर हाताला नवे गार पाणी शिरते. फाटक्या गोधडीत थंडी राखावी तसे ते होते. घातल्यावर काखेत, कंबरेच्या पाठीमागे आणि गळ्याशी पोकळी राहता कामा नये. पण फार घट्टही नको. पोटभर श्वास घेऊन पाहा, दोन्ही हात डोक्यावर नेऊन पाहा. छाती आवळल्यासारखी वाटली, तर ते माप तुमचे नाही. गार पाण्यात शिरताच श्वास आधीच वर-खाली होतो. त्यात छाती आवळलेली असेल तर कसलेला माणूसही घाबरतो.

तिसरी गोष्ट, घालण्याची रीत. घाई करू नका. पायात प्लास्टिकची पिशवी चढवली की पाय सहज सरकतो. नखाने ओढू नका, रबर चिरते. बोटांच्या पेरांनी चिमटीत धरून थोडे थोडे वर न्या, म्हणजे खांद्याशी पुरेसे कापड जमते. मानेला रबर घासते, तिथे वंगण लावावे. मात्र पेट्रोलियमचे मलम रबराला खराब करते, ते टाळा. शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा घालायचा नाही. आधी पाच-सात वेळा त्यात पोहून बघा. वापरून झाला की गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. आपल्या खानदेशच्या उन्हात टाकलात तर रबर लवकर मरेल. आणि एकाच शर्यतीसाठी जाणाराने विकत घेण्याआधी भाड्याने किंवा उसना मिळतो का, ते अवश्य विचारावे.

आता राहिले आपल्या मुलखातले पोहणे. शिक्षक बंधुभगिनींनो, हे विशेषेकरून तुमच्यासाठी. शिरपूर तालुक्यात २००४ सालापासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाने नाले खोल व रुंद करून त्यांवर बंधाऱ्यांची साखळी उभी राहिली. विहिरींना पाणी आले, शेती हिरवी झाली. पण खोल केलेल्या नाल्याचा काठ उभा असतो. त्याला घाटाच्या पायऱ्या नसतात. आत गेलेल्या मुलाला बाहेर यायला हाताला धरायला काही सापडत नाही. तापीवर सुलवाड्यासारखे बॅरेज आहेत. दारे उघडली की खालचे पाणी बघता बघता चढते. अशा जागी पोहू नये, हे शाळेत वर्षातून एकदा नव्हे, दर पावसाळ्याच्या तोंडी आणि दर उन्हाळी सुटीच्या आधी सांगितले पाहिजे.

आणि ज्याला उघड्या पाण्यात खरोखर सराव करायचा आहे, त्याने चार गोष्टी आधी जमवाव्यात. डोक्याला भडक रंगाची टोपी, म्हणजे काठावरून डोके दिसते. कमरेला दोरीने बांधलेला, मागून ओढत नेण्याचा हवा भरलेला नारिंगी फुगा. थकल्यावर त्याला धरून दम घेता येतो. पाण्याची उष्णता बघायला एक तापमापक. दोन फूट खोल धरून मोजावे, वरचे पाणी उन्हाने फसवते. चौथी गोष्ट बाजारात मिळत नाही. ती म्हणजे काठावर किंवा होडीत बसलेला, पोहता येणारा आणि नजर न हलवणारा सोबती. फुजैराला कमी पडली ती हीच.

माझ्या विद्यार्थ्याने टोपी, फुगा आणि तापमापक घेतला. सोबतीला त्याचा चुलतभाऊ होडी घेऊन बसू लागला. कापसाचे पैसे घरीच राहिले. गोव्याहून परतल्यावर तो मला भेटायला आला आणि म्हणाला, "गुरुजी, समुद्राचं पाणी आपल्या विहिरीपेक्षा गरम होतं!"

पुढेमागे थंड मुलखातल्या शर्यतीला निघाला, तर वेटसूट घेच म्हणून मीच त्याला सांगणार आहे. कारण पोशाख कोणता, हे चित्र पाहून ठरवायचे नसते. ते पाणी मोजून ठरवायचे असते.