मंदी सरल्यावर बुडणाऱ्या संस्था

शिकागोतील हल हाऊस ही संस्था जेन ॲडम्स आणि एलन गेट्स स्टार यांनी 1889 मध्ये स्थलांतरित कामगारांच्या वस्तीत सुरू केली. ॲडम्स यांना 1931 मध्ये शांततेचे नोबेल मिळाले. दोन महायुद्धे आणि विसाव्या शतकातली महामंदी पचवलेली ही संस्था जानेवारी 2012 मध्ये दिवाळखोरीत निघाली. अमेरिकेतील त्याआधीची मंदी तर अधिकृतरीत्या जून 2009 मध्येच संपली होती. अमेरिकेतल्या एकूण देणग्यांनाही महागाई वजा जाता 2007 ची मंदीपूर्व पातळी ओलांडायला 2014 उजाडले. उद्योग सावरले की सेवाभावी संस्थाही आपोआप सावरतात, हा समज इथे खोटा ठरतो.

या विलंबाची कारणे पैशाच्या वाटेत आहेत. हल हाऊसचे बहुतांश उत्पन्न सरकारी होते. करवसुली घटल्यावर सरकारे हात आखडतात, बिले थकवतात आणि नेमकी तेव्हाच बेरोजगारांची रीघ संस्थेच्या दाराशी लागते. आपल्याकडे कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाची (सीएसआर) 2 टक्के रक्कम मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्यावर ठरते. त्यामुळे नफा घटल्याची झळ संस्थांना उशिरा लागते. पण वाईट वर्ष पुढची तीन वर्षे सरासरीत राहते. हा मधला काळ जिच्याकडे बंधनमुक्त राखीव निधी आहे तीच संस्था काढू शकते. मंदीनंतर कोण तगणार, हे बरेचसे मंदीपूर्वीच्या ताळेबंदात ठरलेले असते.

ही बेगमी करणे मात्र आपण अवघड करून ठेवले आहे. करसवलत हवी तर वर्षाच्या उत्पन्नातील 85 टक्के रक्कम कार्यावर लावावी लागते. विनाअट शिल्लक टाकता येते ती 15 टक्केच. त्याहून जास्त साठवायचे तर ठरावीक उद्देश आणि मुदत सांगावी लागते. परदेशी निधीतून प्रशासकीय खर्चाची मर्यादा 2020 मध्ये 50 वरून 20 टक्क्यांवर आली. प्रकल्पाला पैसे देणारे अनेक देणगीदार हिशेबनीस आणि कार्यालयाचे भाडे यांना अनाठायी खर्च मानतात.

गरजू उपाशी असताना बँकेत ठेवी कशाला, हा आक्षेप रास्त आहे. पण संस्थाच बंद पडली तर त्या गरजूने पुढच्या वर्षी जायचे कुठे? हल हाऊसला सरकारवरील अवलंबित्वाने बुडवले, राखीव निधीच्या अभावाने नव्हे, असेही म्हणता येईल. मात्र एकाच दात्यावर विसंबणाऱ्याला तर शिल्लक अधिकच हवी. नवे दाते जोडायलाही वेळ आणि पगारी माणसे लागतात. साठलेल्या पैशावर विश्वस्त सुस्तावतील किंवा तो गैरमार्गाला जाईल, ही भीती खरी आहे. त्यावर उपाय म्हणजे सहा महिन्यांच्या खर्चाएवढी मर्यादा घालणे आणि शिल्लक कधी, कुणाच्या ठरावाने वापरायची याचा लेखी नियम वार्षिक अहवालात छापणे.

तेव्हा यंदा देणगी देताना प्रशासनावर किती टक्के जातात एवढेच विचारू नका. उत्पन्न थांबले तर संस्था किती महिने चालेल, हेही विचारा. आणि उत्तर समाधानकारक नसेल तर देणगीचा काही भाग कोणत्याही प्रकल्पाची अट न घालता द्या.